आच्छादन कुठं टाकायचं, कधी टाकायचं आणि युरिया कुठं द्यायचा

राळेगाव तालुक्यातल्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा एकर वावर, त्यातलं चार एकर मध्यम-भारी काळं आणि दोन एकर बरड (हलकं, मुरमाड). कोरडवाहू कपाशी, मधात तुरीचे तास (ओळी). विहिरीला हिवाळ्यापुरतं पाणी. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) चुरा वावरात अंथरला तर उत्पन्न वाढेल का, की सरळ प्लास्टिकचा मल्चिंग पेपर घ्यावा? गावात आलेल्या एकानं सांगितलं की काडीकचरा ओला राहून कुजला की गॅस निघतो आणि हवा आणखी तापते. दुसऱ्यानं सांगितलं, आच्छादन करा, मातीत कार्बन साठवल्याबद्दल पैसे मिळतील. यातलं खरं काय?

भाऊ, दोघंही अर्धं खरं बोलले. मी हिंगणघाटच्या बाजूला वीस-बावीस वर्षं कोरडवाहू शेती करतोय आणि आसपासच्या गावांत आच्छादनाचे पट्टे लावून देतोय. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, तुमचा खरा प्रश्न आच्छादन चांगलं की वाईट हा नाहीच. आच्छादनामुळं तुमच्या वावरात पाणी टिकणार आहे की तुंबणार आहे, आणि त्या वेळी जमिनीत मोकळं नत्र किती पडलेलं असेल, हा तो प्रश्न आहे. उत्पन्न आणि गॅस, दोन्हींचं उत्तर त्यातूनच निघतं. त्यामुळं ते जमिनीप्रमाणं आणि पावसाप्रमाणं बदलतं. तुमच्या बरडीचं उत्तर एक आहे, काळ्या वावराचं दुसरं.

आधी पाण्याचं बघू. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पावसानं पंधरा-वीस दिवस उघाड दिली की भेगा पडतात. त्या भेगांमधून खालच्या थरातली ओलही उडून जाते आणि बारीक मुळ्या तुटतात. आपल्या वाडवडिलांनी यावर उपाय केलेला होताच. डवऱ्यानं (बैलाच्या कोळप्यानं) वरची दोन-तीन बोटं माती भुसभुशीत केली की भेगा बुजतात आणि खालच्या ओलीचा वर येण्याचा रस्ता तुटतो. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं म्हणतात ते त्यामुळंच. डवरणी हेही आच्छादनच आहे, फक्त मातीचं. पण ते पुढच्या पावसापर्यंतच टिकतं, आणि सतत हलवलेली माती पहिल्या जोरदार सरीत वाहून जाते. काडीचं आच्छादन हेच काम महिनोन्महिने करतं. ऊन थेट मातीवर पडत नाही, वारा ओल उचलत नाही, थेंबाचा मार काडीवर बसतो आणि निंदणाच्या एक-दोन पाळ्या वाचतात. पण लांब काडी पसरली की डवरा चालत नाही, तिच्यात अडकतो. म्हणून कोरडवाहूत काडी पसरायची ती शेवटच्या डवरणीनंतर. त्याआधी पसरली की डवरणीही जाते आणि तणही आवरत नाही.

माझ्याच वावरातली दोन वर्षं सांगतो, त्यातून मुद्दा लवकर कळेल. २०२२ च्या जुलैत आमच्याकडे पावसाची झड लागली होती आणि नदीकाठची गावं पाण्यात गेली. मी त्या वर्षी भारी काळ्या वावरातल्या कपाशीत जुलैच्या पहिल्या आठवड्यातच कुटार अंथरलं होतं. उघड्या तासांमधली माती चार दिवसांच्या उघाडीत वर वर तरी सुकली. कुटाराखालची माती चिखलच राहिली. झाडं पिवळी पडली, मुळं काळी झाली, काही तास आकस्मिक मरच्या (उभी झाडं अचानक कोमेजण्याच्या) तडाख्यात गेले. त्यातच मी झड लागायच्या आधी युरिया कुटारावरूनच फेकला होता. तो पिकाला लागलाच नाही. आच्छादन तेच होतं आणि हातही तेच होते. चुकली ती जमीन आणि वेळ.

पुढच्या वर्षी २०२३ चा ऑगस्ट आला. १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. त्या वर्षी मी बरडीवरच्या कपाशीत शेवटची डवरणी झाल्यावर, जुलैच्या अखेरीस, दोन तासांच्या मधात काडी टाकली होती. ऐन पात्या (कळ्या) आणि फुलांच्या वेळी पाऊस गेला. उघड्या तासांत पात्यांचा सडा पडला, दुपारी पानं माना टाकायची. आच्छादनाच्या तासांत पातीगळ झाली नाही असं नाही, पण बरीच कमी झाली, आणि पहिल्या वेच्यातच फरक हाताला लागला. बरडीत पाणी धरून ठेवायला मुळात जागा कमी असते, म्हणून तिथं वाचवलेली प्रत्येक ओल मोलाची. भारी जमिनीच्या पोटात साठा असतो. तिला तहानेपेक्षा तुंबण्याचं भय जास्त.

म्हणून कोणी ‘आच्छादनानं इतके टक्के उत्पन्न वाढतं’ असा एकच आकडा सांगितला तर मी विचारतो, कोणत्या जमिनीत आणि कोणत्या वर्षी? पाऊस कमी, जमीन हलकी, उघाड लांब, तर फायदा मोठा. पाऊस वेळेवर पडलेल्या वर्षी भारी जमिनीत फायदा जेमतेम, आणि झडीच्या वर्षी निचरा नसेल तर तोटा. २०१५ साली ६३ देशांतल्या ६१० अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात दिसलं की नांगरणी नुसती बंद केली तर उत्पन्न घटतं. पण नांगरणी बंद करून पिकाचे अवशेष जमिनीवर ठेवले आणि पिकाची फेरपालट केली, तर ती घट बरीच कमी होते, आणि कोरडवाहू कोरड्या प्रदेशात उत्पन्न उलट वाढतं. आपल्याकडे एसआरटी पद्धतीनं, म्हणजे कायमच्या गादीवाफ्यांवर न नांगरता, कपाशी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. वावर न नांगरता उघडं ठेवणं हा त्यातला सगळ्यात वाईट पर्याय आहे.

आता गॅसचं. इथं लोकांचा गोंधळ होतो, कारण सगळे गॅस एकाच पोत्यात भरले जातात.

काडी कुजली की कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरं. पण तो त्याच झाडानं गेल्या हंगामात हवेतून घेतलेला असतो. काडी धुऱ्यावर (बांधावर) जाळली तरी तो जाणारच. त्याचा हिशोब मांडत बसण्यात अर्थ नाही. मिथेन तयार व्हायला पाण्यात बुडालेली, हवा नसलेली जमीन लागते. कपाशी, तूर, सोयाबीनच्या निचऱ्याच्या वावरात तो निघत नाही, उलट अशी माती हवेतला थोडा मिथेन खाते. आपला खरा गॅस तिसरा आहे, नायट्रस ऑक्साइड. त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशोबात २७३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. आणि तो मुख्यतः काडीतून येत नाही, युरियातून येतो.

युरिया जमिनीत पडला की जिवाणू त्याचं अमोनियम करतात, मग नायट्रेट. या कामात थोडा नायट्रस ऑक्साइड निसटतोच. पण मातीतल्या पोकळ्या दोन-तृतीयांशाच्या वर पाण्यानं भरल्या की आतली हवा संपते. मग काही जिवाणू ऑक्सिजनसाठी नायट्रेटच फोडायला लागतात, आणि तेव्हा हा गॅस जोरात निघतो. त्यांना खायला ताजी ओली काडी मिळाली तर आणखी जोरात. म्हणजे तुमच्या गावात आलेला माणूस जे बोलला ते एकाच परिस्थितीत खरं आहे: भारी जमीन, झडीचा पाऊस, वर ओलं कुटार आणि नुकताच फेकलेला युरिया. माझं २०२२ चं वावर. त्या वर्षी पीक गेलं आणि गॅसही सगळ्यात जास्त त्याच वावरातून गेला असणार. पिकाचं नुकसान आणि हवेचं नुकसान एकाच चुकीतून होतं, हे मला तेव्हा समजलं.

आकड्यात सांगतो. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत ४६ टक्क्यांनी सुमारे २०.७ किलो नत्र असतं. जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा की दिलेल्या नत्राच्या एक टक्का भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो. कोरड्या जमिनीत याहून कमी, ओल्या हवामानात जास्त. त्या हिशोबानं एका बॅगेमागे सुमारे ०.३३ किलो गॅस, म्हणजे जवळपास ९० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. कारखान्यात युरिया बनवताना निघतो तो वेगळा. तुलनेसाठी, एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो निघतो. ट्रॅक्टरच्या श्रेडरनं एकरभर पऱ्हाटीचा चुरा करायला चार-पाच लिटर डिझेल लागलं तरी ते बारा-तेरा किलोच झालं. आणि एक टन काडी जाळली तर त्या धुरातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मिळून ८०-९० किलोच्या घरात जातात, शिवाय काडीतलं बहुतेक नत्र आणि बरंच गंधक उडून जातं. वाया गेलेली युरियाची एक बॅग आणि जाळलेली एक टन पऱ्हाटी हवेच्या दृष्टीनं जवळपास सारख्याच.

आच्छादनाचा हवेला होणारा फायदाही याच दोन ठिकाणी आहे: काडी जळत नाही, आणि ओल टिकल्यामुळं दिलेलं नत्र पिकात जातं. दुसऱ्यासाठी युरिया देण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. काडीवर युरिया फेकू नका. काडीवर युरिएज नावाचं विकर भरपूर असतं. ते युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं आणि तो वाऱ्यावर जातो. काडी बाजूला सारून झाडापासून चार बोटं दूर खळगी करा, युरिया टाका, माती ओढा, वर परत काडी सारा. मजुरी लागते, कबूल. म्हणून मी पहिली मात्रा आच्छादनाच्या आधीच्या डवरणीबरोबर मातीआड करतो आणि नंतरची एकच खळगीनं देतो. मोठा पाऊस सांगितलेला असेल तर चार दिवस थांबतो. या एका शिस्तीनं मी एकरी अर्धी बॅग कमी केली आहे. तुम्ही माती परीक्षण करून मगच तुमचा आकडा ठरवा. आणि गॅस एकरी मोजण्यापेक्षा क्विंटलमागे मोजा. तेवढ्याच खतात एक-दोन वेचे चांगले निघाले तर प्रत्येक क्विंटल कापसाच्या वाट्याला येणारा गॅस आपोआप कमी होतो.

आता काडी आणायची कुठून? कागदावर आच्छादन सोपं वाटतं, ते इथं अडतं. पूर्ण वावर झाकायचं तर एकरी दोन टन सुकी काडी लागते. सोयाबीनच्या एका एकरातून तिच्या निम्मीही मिळणं कठीण, आणि ते कुटार ढोरं खातात. ढोरांच्या तोंडचं कुटार वावरात टाकू नका, ते शेणखत होऊन परत येऊ द्या. गव्हांडा (गव्हाचा भुसा) मिळाला तर चांगला, फक्त त्यातले गव्हाचे दाणे उगवतात. धुऱ्यावर गिरीपुष्प लावा. त्याची कोवळी पानं लवकर कुजून नत्र देतात, म्हणून नुसत्या काडीत ती मिसळली की चांगलं. गाजरगवत फुलावर यायच्या आत उपटून टाकलं तर तेही चालतं, फुलावर आलेलं मात्र कधीच नाही.

कपाशीवाल्याकडे मुख्य माल म्हणजे पऱ्हाटी. आता घरोघरी सिलिंडर आले, चुलीला पऱ्हाटी पूर्वीइतकी लागत नाही, आणि उरलेली धुऱ्यावर पेटवली जाते. कोरडवाहूत एकरी साधारण टनभर मिळते. पण तिच्याबाबत एक गोष्ट फार काळजीनं करा. गुलाबी बोंडअळी कवडी (नीट न फुटलेल्या, किडक्या) बोंडांमध्ये आणि पऱ्हाटीच्या ढिगात दडून उन्हाळा काढते. २०१७ साली विदर्भानं तिचा केवढा तडाखा खाल्ला ते आपल्याला कोणी सांगायला नको. फरदड (हंगामानंतर पीक तसंच ठेवून घेतलेला कापूस) घेऊ नका, डिसेंबर संपता संपता पीक काढा, उरलेली बोंडं वेचून नष्ट करा आणि मगच श्रेडर फिरवा. चुरा बारीक हवा, बोटभर लांबीचा. अख्खी पऱ्हाटी धुऱ्यावर रचून ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षीच्या अळीला घर बांधून देणं.

हा चुरा मातीत पुरायचा की वर ठेवायचा? वर. पऱ्हाटीत कार्बन खूप आणि नत्र थोडं. ती जूनमध्ये रोटाव्हेटरनं मातीत घातली की कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि कोवळी कपाशी पिवळी पडते. जमिनीवर पडून राहिली तर ती फक्त मातीला लागलेल्या पातळ थरातून हळूहळू कुजते. आणि आपण सरकी हातानं टोबतो, त्यामुळं चुरा पेरणीच्या आड येत नाही. टोबायच्या ओळीपुरता पायानं बाजूला सारला की झालं. सोयाबीन तिफणीनं किंवा ट्रॅक्टरनं पेरणाऱ्याला हे जमत नाही.

झाडाच्या बुडाशी काडी कधीच लावू नका, वीतभर जागा मोकळी ठेवा. बरडीत उधई (वाळवी) येते आणि ती काडी खाता खाता खोडाला लागते. उंदीरही येतात आणि त्यांच्या मागं साप. वेचणीला येणाऱ्या बायांना आधी सांगून ठेवा, काडीत हात घालायच्या आधी काठीनं हलवून पाहायला सांगा. हे लहान वाटतं, पण मी याला फार महत्त्व देतो.

मल्चिंग पेपरबद्दल. मिरची, टरबूज, वांगी ठिबकवर असतील तर २५-३० मायक्रॉनचा चंदेरी-काळा पेपर चांगलं काम करतो. तण थांबतं, पाणी वाचतं, मालही स्वच्छ निघतो. तुमच्या कोरडवाहू कपाशीला तो मी सांगणार नाही. पेपरवर पडलेलं पावसाचं पाणी सरीत निघून जातं, आणि पेपरच्या आत ओल पोहोचवायला ठिबक नाही. पाच फुटांच्या बेडवर चार फुटी, २५ मायक्रॉनचा पेपर टाकला तर एकरी सुमारे ७५ किलो प्लास्टिक बसतं. ते तयार होतानाच दीडशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघालेला असतो. पेपराखाली माती उबदार आणि ओली राहते, म्हणजे नायट्रस ऑक्साइडला पोषक. तिथं नत्र ठिबकमधून थोडं थोडं दिलं तरच हिशोब जमतो. आणि हंगाम संपल्यावर फाटलेला पेपर गोळा करणं हे सगळ्यात अवघड काम. रोटाव्हेटरनं मातीत गेलेला तुकडा तुमच्या नातवालाही सापडेल. जाळायचा तर अजिबातच नाही. जो पूर्ण गोळा करून भंगारात देईल त्यानंच पेपर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

इतर भागातल्या वाचकांसाठी दोन शब्द. भंडारा-गोंदियाकडच्या बांधीत (धानाच्या शेतात) हे गणित उलटतं. तिथं तणीस (धानाचा पेंढा) चिखलणीत गाडून पाणी साठवलं की मिथेन वाढतो. तेच तणीस धान निघाल्यावर हरभऱ्यावर किंवा भाजीपाल्यावर पसरलं तर ओल टिकते आणि मिथेनचा प्रश्न येत नाही. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याला उन्हाळ्यात कुटाराचं आच्छादन फार मानवतं, पण ज्यांना मृग बहार धरायचा आहे त्यांनी ताणाच्या (बागेचं पाणी तोडायच्या) काळात ते काढून ठेवावं, नाहीतर ओल टिकते आणि ताण बसत नाही. खारपाणपट्ट्यात ओल कमी उडाली की खालचे क्षारही कमी वर येतात, म्हणून तिथं आच्छादनाला दुहेरी मोल आहे. आणि उन्हाळ्यात सुक्या कुटाराशेजारी मोटरपंपाची उघडी वायर ठेवू नका.

राहिला कार्बनच्या पैशांचा प्रश्न. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन ८०० टनांच्या जवळपास भरतं. तिचा सेंद्रिय कर्ब ०.१ टक्का वाढवायचा म्हणजे सुमारे ८०० किलो कार्बन मातीत कायमचा बसवायचा. एक टन काडीत चारशे किलोच्या वर कार्बन असतो, पण आपल्या उन्हात त्यातला बहुतेक वर्ष-दोन वर्षांत हवेत जातो. पन्नासेक किलो टिकला तरी चांगलं. म्हणजे दरवर्षी एकरी टनभर काडी टाकली तर नुसत्या काडीच्या जोरावर ०.१ टक्का वाढायला पंधरा-सोळा वर्षं लागतील. मुळ्या आणि शेणखत धरलं तर थोडं लवकर. हे करण्यासारखं नक्कीच आहे, कारण कर्ब वाढला की माती पाणी धरते. पण एका-दोन वर्षांत खात्यात रक्कम येईल असं कोणी सांगत असेल तर सही करण्याआधी करार मराठीत मागा. मोजणी कोण करणार, करार किती वर्षांचा, मधात वावर नांगरलं किंवा विकलं तर काय, आणि पैसे टनामागे किती, एवढं त्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

तुमच्या सहा एकरांत मी असा जाईन. दोन एकर बरड संपूर्ण आच्छादनाखाली घेईन. सगळी पऱ्हाटी तिथंच टाकेन, आणि जुलैअखेर शेवटच्या डवरणीनंतर मिळेल तो गव्हांडा आणि गिरीपुष्पाचा पाला तासांच्या मधात देईन. काळ्या चार एकरांत आधी निचरा: रुंद वरंबा-सरीवर लागवड, डवरणी चालू, आणि आच्छादन फक्त सप्टेंबरात, पाऊस ओसरायला लागला की, तेही वरंब्यावर. हिवाळ्यात विहिरीचं पाणी बोंडं भरताना द्याल, तेव्हा ते आच्छादनाखाली जास्त दिवस पुरेल. आणि बरडीच्या मधात सहा तास मुद्दाम उघडे ठेवा, खत मात्र तेवढंच द्या. वेचा आला की त्या सहा तासांचा कापूस वेगळ्या गाठोड्यात बांधा आणि शेजारच्या आच्छादनातल्या सहा तासांचा वेगळ्या. दोन्ही एकाच काट्यावर तोला आणि पोळ्यापासूनच्या पावसाच्या तारखांसह आकडे वहीत लिहा. दिवाळीनंतर ते आकडे इथं टाका, पुढच्या हंगामाचं त्यावरून ठरवू.